टॅक्सीचं लायसन्स महापालिका का देत नाही, आणि रात्रीच्या कॅबमध्ये काय बघायचं

ताई, तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारले आहेत. लेकीला नागपुरात मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग वसाहतीत, नोकरी लागली, शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते, घर मानेवाड्याला. कंपनीच्या कॅबवर भरवसा ठेवायचा का, हा एक. आणि इंग्लंडातले तुमचे दीर म्हणतात की तिकडे टॅक्सीवाल्याला गावची कौन्सिल चौकशी करून लायसन्स देते, मग आपली महापालिका हे काहून करत नाही, हा दुसरा. मी नागपुरात अठरा वर्षं दोन टुरिस्ट गाड्या पोसल्या. एक स्वतः चालवायचो, दुसरीवर ड्रायव्हर होता. आता दोन्ही विकल्या, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

महापालिकेचा टॅक्सीच्या लायसन्सशी संबंधच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परमिटचं, म्हणजे गाडी भाड्याने चालवायच्या परवान्याचं, काम प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे दिलंय. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि रोजचं काम आरटीओचं. नागपुरात त्याचीही तीन दारं: शहर म्हणजे एमएच ३१, पूर्व म्हणजे ४९, ग्रामीण म्हणजे ४०. पालिकेचा शब्द लागतो तो स्टँडपुरता. गाड्या कुठे उभ्या राहतील हे ठरवताना स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करा, असं कायद्याचं ११७ वं कलम सांगतं. म्हणून बर्डीच्या बाजारात ऑटो आडवेतिडवे लागतात याची तक्रार पालिकेकडे करायला हरकत नाही. ड्रायव्हर नीट बोलला नाही ही तक्रार तिथे नेली तर ती टपालातच फिरत राहील.

आता दिरांच्या म्हणण्याबद्दल. ते बरोबर सांगतात, पण अर्धंच. रॉदरहॅम नावाच्या गावात १९९७ ते २०१३ या काळात अंदाजे १४०० मुलामुलींचं लैंगिक शोषण झालं, असं २०१४ च्या चौकशी अहवालात आलं, आणि त्यात काही टॅक्सीवाल्यांचा हात ठळकपणे नोंदवलेला होता. लायसन्स देणारी कौन्सिल तीच, गावातलीच. जवळ असून तिला दिसलं नाही, किंवा दिसलं ते तिने पाहिलं नाही. त्यानंतर तिथे टॅक्सीत कॅमेरा सक्तीचा झाला. २०२० मध्ये सरकारने सगळ्या कौन्सिलांना सांगितलं की ड्रायव्हरची गुन्हेगारी नोंद दर सहा महिन्यांनी तपासा. तरी एक भोक राहिलंच: वुल्व्हरहॅम्प्टनचं लायसन्स काढायचं आणि धंदा भलत्याच शहरात करायचा, हे तिकडे कायद्यात बसतं. म्हणजे ज्या गावात गाडी फिरते तिथल्या कौन्सिलला तो माणूस कोण हे माहीतच नसतं. उद्या आपल्या पालिकेला अधिकार दिले तरी असंच काही होणार नाही, अशी खात्री मला तरी वाटत नाही.

खरी मेख दुसरीकडे आहे. कागद एकदा तपासला जातो, माणूस रोज बदलतो. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

मे महिना, लग्नसराई, आणि माझा ड्रायव्हर तापाने फणफणलेला. सकाळी सहाची स्टेशनवरून रामटेकची बुकिंग. मी बाजूच्या गल्लीतला पोट्टा पाठवला. हात चांगला, लायसन्स होतं, पण टॅक्सी ड्रायव्हरचा बिल्ला नव्हता. गाडीत एक आजी आणि त्यांच्या दोन नाती बसल्या. आजींनी बसल्याबसल्या विचारलं, बिल्ला कुठाय? याने आरशाला लटकवलेलं माझ्या ड्रायव्हरचं ओळखपत्र दाखवलं. आजींनी चष्मा लावला, फोटो बघितला, त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि सामानासकट खाली उतरल्या. मग मला फोन. "गाडी तुमची असेल हो, पण हा माणूस कोणाचा?" मला उत्तर सुचलं नाही. अ‍ॅडव्हान्स परत केला. माझं परमिट, फिटनेस, विमा सगळं टकाटक होतं, आणि त्या सकाळी त्यातल्या एकाचाही उपयोग नव्हता.

बिल्ला म्हणजे काय ते सांगतो, कारण यात लोक फार घोळ करतात. सार्वजनिक वाहन चालवणाऱ्याला राज्याच्या नियमांनुसार तो घ्यावा लागतो, आणि तो देण्याआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७५०० किलोच्या आतलं प्रवासी वाहन चालवू शकतो. लगेच आमच्या धंद्यात हूल उठली की बिल्ला संपला. तसं नाही. तो वाद लायसन्सच्या वर्गाचा आणि विम्याचा होता, पोलीस पडताळणीचा नव्हता. बाकी मधल्या वर्षांत ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाला तर मालकाला आपसूक कळावं, अशी सोय मला अठरा वर्षांत दिसली नाही. ते सहा महिन्यांचं इंग्रजी कलम मात्र मला आवडलं.

आता लेकीचं. रात्रीची पाळी असेल तर कंपनीवर जबाबदारी आहेच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बाईला रात्री साडेनऊनंतर कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते आणि घरापर्यंत पोचवण्याची सोय करावी लागते. म्हणून एचआरला मेल करा, फोन नको. गाडी कोणत्या परमिटवर आहे, रात्री शेवटी कोणाला सोडतात, आणि ड्रायव्हर बदलला तर मुलीला आधी मेसेज येतो का, एवढं विचारा. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. व्हेंडरकडे, म्हणजे कंपनीला गाड्या पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे, माझ्या त्या पोट्ट्यासारखे दहा असतात.

गाडी समोर आली की पाटी बघायची. पिवळी पाटी काळे अक्षर म्हणजे टॅक्सी. हिरव्या पाटीवर पिवळे अक्षर म्हणजे इलेक्ट्रिक टॅक्सी. पांढरी पाटी, किंवा हिरवीवर पांढरे अक्षर, म्हणजे कोणाची तरी घरची गाडी, बसायचं नाही. काळीवर पिवळे अक्षर असेल तर ती स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली गाडी आहे, तीही नको. सरकारच्या एम परिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की वाहनाचा वर्ग येतो. तिथे मोटर कॅब दिसायला हवं. मोटर कार दिसलं तर खाजगी गाडी भाड्याने फिरतेय. परमिटशिवाय असं फिरवलं तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद कायद्यात आहे. पण तुमच्यासाठी त्याहून मोठी गोष्ट विम्याची: अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच उकरून काढते, आणि भरपाईची केस लांबते. फिटनेसची तारीखही त्याच स्क्रीनवर असते. आठ वर्षांच्या आतल्या गाडीला ही तपासणी दर दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी करावी लागते.

१ जानेवारी २०१९ नंतर नोंदलेल्या टॅक्सीत ठिकाण सांगणारं यंत्र आणि संकटात दाबायचं लाल बटण असतं. ऑटोला यातून सूट आहे. बटण दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका बरं का. माझ्या दुसऱ्या गाडीचं फिटनेसच्या दिवशी चाललं, पुढे त्या यंत्राच्या सिमचा रिचार्ज संपला आणि मला सहा महिने पत्ता नव्हता. मोबाईलमधलं ११२ जास्त भरवशाचं.

कॅब आली नाही तर काय, हेही आजच ठरवून ठेवा. साडेअकराला मेट्रो नसते. वर्धा रोडवर पांढऱ्या पाटीच्या बाईकवाले उभे असतात, स्वस्त सांगतात. राज्याने २०२५ मध्ये बाईक टॅक्सीला वाट दिली ती फक्त इलेक्ट्रिक बाईकला, तेव्हा पेट्रोलची पांढऱ्या पाटीवाली सरळ सोडून द्यायची. शेअर ऑटोत छत्रपती चौकापर्यंत चार जण असतात, पुढे रिंग रोडला ती एकटीच उरेल, म्हणून तोही नको. त्यापेक्षा कंपनीच्या गेटच्या आतच थांबून घरून कोणी तरी घ्यायला जावं.

एचआरचं उत्तर आलं की इथेच टाका. व्हेंडरचं नाव नको, परमिटचा प्रकार आणि गाडीचं वर्ष तेवढं लिहा, मी बघून सांगतो.