सहा फुटी टाकी नवव्या दिवशी फुटली, भरायचं कोणी?

प्रश्न : वकीलसाहेब, मी भुसावळला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. तीन फुटी काचेच्या टाकीत मलावी सिक्लिड (आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले शोभेचे मासे) होते. ते वाढले, एकमेकांना मारू लागले, म्हणून धुळ्याच्या एका दुकानदाराकडून ६ × २ × २ फुटांची टाकी बनवून घेतली. ३४,००० रुपये यूपीआयने दिले, पावती कच्ची आहे. काच १२ मिमी सांगितली होती. स्टँड इथल्या वेल्डिंगवाल्याकडून ११,००० ला केला. चौथ्या दिवशी खालच्या जोडातून थेंब दिसला. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर ‘सिलिकॉन बसेल आपोआप’ असं उत्तर आलं. नवव्या रात्री टाकी फुटली, २६ पैकी १५ मासे मेले. खालच्या काकू पीओपी आणि गाद्यांचे ४५,००० मागतात. घरमालक म्हणतात आठ दिवसांत घर सोडा, ४०,००० डिपॉझिट विसरा. दुकानदार म्हणतो विकलेला माल परत नाही आणि स्टँडच वाकडा होता. मी काय करू?

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी, फुटलेल्या काचा भंगारवाल्याला देऊ नका. घरमालकांनी कितीही घाई केली तरी तुकडे गोणपाटात बांधून गॅलरीत ठेवा. तुमची बाजू त्या काचांवरच उभी राहणार आहे. पैसे कोणाकडून वसूल होतील ते टाकी कशामुळे फुटली यावर ठरेल, आणि ते सांगणारी दुसरी वस्तू तुमच्याकडे नाही.

आधी जाडी मोजा. वर्कशॉपमधून व्हर्निअर कॅलिपर आणा आणि पाचही काचांची जाडी दोन शेजाऱ्यांसमोर, व्हिडिओ चालू ठेवून मोजा. अर्ध्या मिमीच्या आतला फरक चालतो. पण १२ सांगून कॅलिपरवर १० किंवा ८ आली, तर दुकानदाराची बाजू तिथेच लंगडी पडते. सहा फूट लांब आणि दोन फूट उंच टाकीला १२ मिमी काच, वरून कडेच्या पट्ट्या आणि मध्ये आडवी पट्टी, हीच नेहमीची रीत आहे. तळाचा दाब उंचीवर ठरतो हे खरं, पण काच जितकी लांब तितकी मध्ये फुगते, आणि तो ताण खालच्या जोडावर येतो. वरच्या पट्ट्या होत्या की नाही, हेही फोटोत दिसू द्या.

मग जोड बघा. सिलिकॉन काचेवरून सालीसारखं स्वच्छ निघालं असेल आणि खालची काच गुळगुळीत राहिली असेल, तर ते नीट चिकटलंच नव्हतं. काच पुसली नव्हती किंवा सिलिकॉन पुरतं वाळू दिलं नव्हतं. हा दोष बनवणाऱ्याचा. सिलिकॉन मधून फाटून दोन्ही काचांवर थोडं थोडं राहिलं असेल, तर त्याच्यावर झेपण्यापेक्षा जास्त ताण आला होता. तो पातळ काचेमुळे येतो किंवा पिळलेल्या स्टँडमुळे. तळाच्या काचेत एका बिंदूपासून पंख्यासारखे तडे फुटलेले दिसले, तर त्या बिंदूखाली स्टँडवर वेल्डिंगचा गोळा, खडा किंवा उंचवटा शोधा. टाकीखाली १०-१२ मिमी थर्माकोल किंवा फोम होता का? नसेल तर दुकानदार हेच धरून बसेल. मात्र तो घाला असं त्याने तुम्हाला सांगितलं होतं का, हा प्रश्न तुम्ही विचारायचा. वापराची पुरेशी सूचना न देणं हासुद्धा कायद्याने बनवणाऱ्याचा दोष आहे.

दगडांचंही पाहून घ्या. मलावीतले एमबुना (खडकांत राहणारे सिक्लिड) वाळू उकरतात, हे तुम्हाला माहीत आहेच. दगड वाळूवर रचले असतील तर खालची वाळू निघून ते कलंडतात आणि काचेवर आदळतात. दुकानदाराचा वकील हे विचारणारच. दगड थेट तळाच्या काचेवर बसवून मग वाळू टाकली असेल, तर सेटअपच्या दिवशीचे फोटो शोधून ठेवा. तसं नसेल तर मलाही आणि ग्राहक आयोगालाही खरं सांगा.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, आणि इथे ते कामाला येऊ शकतं. असं पाणी जोडातून झिरपलं की वाळल्यावर पांढरी रेघ सोडतं. तशी रेघ फुटलेल्या जोडाशी दिसली, तर चौथ्या दिवसाचा थेंब आणि नवव्या रात्रीची फूट एकाच जागेची ठरते. ती पुसू नका. तुमचा फोटो आणि दुकानदाराचं उत्तर हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. ते चॅट उडवू नका, फोनही सध्या बदलू नका. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदींसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते तक्रारीबरोबरच जोडू. याची दुसरी बाजूही सांगतो. थेंब दिसल्यावर तुम्ही निम्मं पाणी काढलं नाही, असं ते म्हणतील. त्याला उत्तर हेच की जाणकाराला विचारलं आणि त्याने काळजी करू नका म्हटलं.

आता दावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, धुळ्याला खेटे घालायची गरज नाही. जळगावच्या आयोगात द्या. मोबदला, म्हणजे वस्तूसाठी दिलेली किंमत, ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. १९१५ या हेल्पलाइनवर आधी नोंद करून बघा, पुष्कळदा दुकानदार तेवढ्यानेच बोलायला येतो. ‘विकलेला माल परत नाही’ या शिक्क्याला घाबरू नका. पक्की पावती न देणं आणि दोषी माल परत घ्यायला नकार देणं या दोन्ही गोष्टी याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिल्या आहेत. पावतीवर मुदत नसेल तर ती ३० दिवस धरतात, म्हणून परतीची मागणी आजच लेखी करा.

मागण्या मात्र वेगवेगळ्या लिहा, इथे बरेच जण चुकतात. टाकीचे ३४,००० दोषी माल म्हणून मागायचे. मासे, फरशी, फर्निचर यांचं नुकसान उत्पादन-दायित्वाखाली (सदोष वस्तूने केलेल्या नुकसानीची जबाबदारी), कारण कायद्यात तिथे नुकसान म्हणजे वस्तू सोडून इतर मालमत्तेचं. स्वतः टाकी जोडून देणारा दुकानदार ‘उत्पादक’ ठरतो, आणि १२ मिमी सांगून कमी दिली असेल तर निष्काळजीपणा नव्हता एवढं म्हणून तो सुटत नाही. काकूंना द्यावी लागेल ती रक्कम याच कायद्याच्या कलम ३९ खाली निष्काळजीपणाची भरपाई म्हणून मागायची. स्टँडवर स्पिरिट लेव्हल ठेवून लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्णांवरची पातळी टिपा. तिथे खरंच दोष निघाला तर वेल्डिंगवाल्यालाही सामनेवाला करू. लेव्हल बरोबर असेल तर उगाच त्या गरिबाला ओढू नका.

माशांची पिल्लं विकता का, हे पत्रात नाही. व्यापारासाठी माल घेणारा या कायद्यात ग्राहक धरत नाहीत, म्हणून विचारतो. चार-दोन जोड्या मित्रांना विकल्याने शौक व्यापार होत नाही, खरेदीचा मुख्य हेतू पाहिला जातो. पण मोठ्या प्रमाणावर विकत असाल तर आधी सांगा, मांडणी बदलावी लागेल.

काकूंशी भांडू नका, त्यांचा काही दोष नाही. पाणी तुमच्या घरातून गेलं, त्या तुमच्याकडेच मागणार. पण ४५,००० हा आकडा तोंडी आहे. पीओपीवाल्याचं कोटेशन घ्या. गाद्या नव्या होत्या की दहा वर्षांच्या, त्याप्रमाणे किंमत ठरते. जे द्याल ते बँकेतून द्या आणि पावतीवर ‘दुकानदाराविरुद्धचे हक्क राखून’ हे शब्द लिहून घ्या. ते नसतील तर पुढे दुकानदार म्हणेल की चूक तुम्हीच मान्य केली.

घरमालकांचा तोरा फार टिकणार नाही. तुमचा ११ महिन्यांचा करार नुसता नोटरी केलेला असेल तर लक्षात घ्या, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. घर सोडायला सांगताना त्यांना करारातली नोटीस द्यावी लागते. कुलूप लावणं, वीज-पाणी तोडणं हा मार्ग त्यांना नाही. परवानगीविना कायमचं बांधकाम केलं, हे कारणही त्यांना मिळत नाही, टाकी तसं बांधकाम नव्हे. डिपॉझिटमधून फक्त खऱ्या दुरुस्तीचे पैसे कापता येतात, तेही बिल दाखवून. दोघांनी मिळून घराची पाहणी करा आणि कागदावर सह्या घ्या.

त्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे. तुमच्या टाकीत ६८० लिटर पाणी मावतं. १२ मिमीच्या काचेचं वजनच सव्वाशे किलोच्या आसपास, त्यात वाळू, दगड, स्टँड. म्हणजे १२ चौरस फुटांवर (सुमारे १.१ चौरस मीटर) ९०० किलोंच्या घरात वजन. राहत्या खोलीचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो चल भार (माणसं, सामान यांचा) धरून काढतात. तो भार पूर्ण खोलीचा हिशेब असल्यामुळे बीमवर, भिंतीलगत एवढं वजन चालूही शकतं, पण ते इंजिनिअरने सांगायचं. लेखी परवानगी न घेता पुन्हा असं काही ठेवू नका.

वाचलेले ११ मासे ड्रममध्ये असतील तर एअरपंप चालू ठेवा आणि जुन्या फिल्टरचा स्पंज नळाच्या पाण्यात न धुता तसाच तिथे लावा, नाहीतर त्यातले उपयोगी जिवाणू मरून पाण्यात अमोनिया साठेल आणि उरलेलेही जातील. तापमान ३० च्या वर गेलं तर गोठवलेली बाटली तरंगवा. मेलेल्या माशांचे फोटो आणि ते घेतल्याच्या यूपीआय नोंदी काढा. फोटो मोजपट्टीजवळ ठेवून काढले असतील तर उत्तम, आकारावरच भाव ठरतो.

पुन्हा टाकी घ्याल तेव्हा ६ × १.५ × १.५ ची घ्या. एमबुनांना हद्दीसाठी लांबी लागते, उंची नाही. उंची दोनवरून दीड फुटावर आणली की पुढच्या काचेवरचा एकूण रेटा निम्म्याच्या जवळ येतो, आणि पाणी ३८२ लिटरवर. बिलावर काचेची मिमीत जाडी, पट्ट्या, सिलिकॉन लावल्याची तारीख आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. सिलिकॉन लावल्यावर आठवडा जाऊ द्या, मग दुकानातच ४८ तास काठोकाठ भरून दाखवायला सांगा, आणि तेव्हाचा व्हिडिओ स्वतः काढा.