कार्डं दोनशे वाटली, फोन आला एक. मग ओळखीतून काम येतं तरी कसं?

दोनदा वाचला तुमचा प्रश्न. सिन्नरजवळ मुसळगावात तीन प्लायची, म्हणजे तीन थरांच्या नालीदार पुठ्ठ्याची, खोकी बनवता, सत्तर टक्के माल एकच कंपनी उचलते. प्रदर्शनात दोनशे कार्डं वाटली तर फोन आला एकच, आणि तोही विमा एजंटचा. आता आठवड्याच्या बिझनेस ग्रुपची वर्षाची फी भरू की तेच पैसे ऑनलाइन जाहिरातीत घालू, असं विचारताय. वर ‘मला चारचौघांत बोलता येत नाही’ अशी पुस्तीही जोडलीय.

मी नाशिकच्या अंबडला हाच धंदा करते. दीर मशीन बघतात, गिऱ्हाईक आणि वसुली माझ्याकडे. माझं म्हणणं, दोन्हींत आत्ता लगेच पैसे घालू नका. आधी एक वही काढा आणि आजवरचं प्रत्येक गिऱ्हाईक कुणामुळे आलं ते लिहा.

मी ही यादी केली तेव्हा मलाच हसू आलं होतं. पहिल्या चौदा गिऱ्हाइकांत नातेवाइकांकडून आलेलं एक. बाकीची कुणी पाठवली? लेबल छापणाऱ्याने, वजनकाट्याच्या मेकॅनिकने, टेम्पोवाल्याने, एका सीएने आणि चक्क आमचं कात्रण उचलणाऱ्या भंगारवाल्याने. ही सगळी माणसं माझं गिऱ्हाईक होऊ शकतील अशा कारखान्यांच्या गेटातून रोज आत जातात, फक्त विकतात वेगळं. माझी मुलगी एमबीए करत होती तेव्हा तिने सांगितलं की मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच असं काहीसं मांडलंय: नोकरीची खबर जिवलग मित्राकडून कमी आणि अधूनमधून भेटणाऱ्याकडून जास्त मिळते, कारण जिवलगांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. मी म्हटलं, हे आमच्या भंगारवाल्यालाही ठाऊक आहे.

टेम्पोवाल्याचा किस्सा सविस्तर सांगते, कारण ‘बोलता येत नाही’ याचं उत्तर त्यातच आहे. ऐन पावसाळ्यात तो एका मसाल्याच्या कारखान्यात माल उतरवायला गेला होता. परत येऊन म्हणाला, ‘ताई, त्यांच्या गोडाऊनला खालच्या थरातली खोकी पार बसलीत, मालक स्टोअरवाल्यावर ओरडत होता.’ मी दुसऱ्या दिवशी गेले. कॅटलॉग नेला नाही, रेटही सांगितला नाही. स्टोअरवाल्याला एवढंच म्हटलं, ‘बसलेलं एक खोकं द्याल का?’ ते त्याच्यासमोरच कटरने उभं कापलं. आत फ्लूट, म्हणजे पुठ्ठ्याच्या मधल्या थरातल्या नाल्या, आडवा! शीटमधून एक खोकं जास्त निघावं म्हणून कुणीतरी ब्लँक (खोक्याचा सपाट पुठ्ठा) फिरवून कापला होता. फ्लूट उभा असला की तो खांबासारखा वजन पेलतो, आडवा असला की दबतो, त्यात पावसाळ्यात कागद ओल धरतो. त्यांना वाटत होतं आता पाच प्लाय घ्यावं लागणार. मी म्हटलं, तीन प्लायच ठेवा, जीएसएम (कागदाचं वजन) तेवढाच, बीएफ (कागदाची ताकद) तोच, फक्त फ्लूट उभा घ्या. पन्नास खोकी सॅम्पल दिली, आठ थर रचून आठवडाभर ठेवायला सांगितली. ते गिऱ्हाईक आजही आहे, आणि त्याच्या ओळखीने पापडवाला आला, लोणचंवाला आला.

यात मी बोलले किती? चार वाक्यं. चारचौघांत भाषण ठोकायची गरजच पडली नाही.

आता ग्रुपचं. आयव्हन मायस्नर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली बीएनआय असो, की माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी उभी केलेली सॅटर्डे क्लब, अशा संस्थांचा गाभा एकच: ठरलेल्या वेळी नेमाने भेटायचं आणि एकमेकांना काम द्यायचं. सॅटर्डे क्लबने तर तुकोबांच्या ‘एकमेकां साह्य करूं’ला ‘अवघे होऊ श्रीमंत’ जोडून ब्रीद केलंय. (तुकोबा ‘अवघे धरूं सुपंथ’ म्हणाले होते, पण व्यापाऱ्यांच्या सभेत एवढं चालायचंच.) मी होते तो ग्रुप वेगळाच, त्याचं नाव घेत नाही. दर बुधवारी सकाळी पावणेआठला मीटिंग. म्हणजे घरचे डबे साडेपाचला. पहिले आठ महिने मला एक दमडीचं काम मिळालं नाही, आणि दोष बराचसा माझाच होता. एक मिनिट बोलायला मिळायचं, त्यात मी म्हणायचे, ‘आम्ही सर्व प्रकारची, सर्व साइजची खोकी बनवतो.’ ऐकणाऱ्याच्या डोक्यात यातून कुणाचंच नाव येत नाही. मग एकदा वैतागून म्हटलं, ‘ज्याचा माल ट्रान्सपोर्टने नागपूरला जातो आणि खोकी दबली म्हणून परत येतो, अशा कारखान्यातला स्टोअरवाला कुणाच्या ओळखीचा आहे का?’ त्याच मीटिंगमध्ये दोन हात वर झाले. त्यातला एक हात एअर कॉम्प्रेसर दुरुस्त करणाऱ्याचा.

खटकलेलंही सांगते. आकडा भरायचा म्हणून लोक खोटे रेफरन्स द्यायचे. फोन करावा तर पलीकडचा म्हणे, ‘मला नाही काही गरज, त्यांनी नंबर मागितला म्हणून दिला.’ शिवाय बरीचशी उलाढाल त्याच पंचवीस जणांत फिरायची. फी दिसते, वेळ दिसत नाही: जाणंयेणं धरून आठवड्याला तीन तास, वर्षाचे १५६. आठ तासांचा दिवस धरला तर जवळजवळ वीस दिवस. म्हणून आधी पाहुणे म्हणून दोनदा जाऊन या. समोर बसलेल्यांत तुमच्या गिऱ्हाइकाच्या गेटातून आत जाणारे किती, ते मोजा. पाच-सहा असतील तर फी भरा. सगळे इंटिरिअरवाले, विमावाले आणि लाइफ कोच असतील तर चहा पिऊन परत या. त्यापेक्षा निमा, आयमा या नाशिकच्या उद्योजक संघटनांच्या किंवा तुमच्या सिन्नरच्या वसाहतीतल्या कार्यक्रमांना जात राहा. तिथे भाषणं रटाळ असतात, पण जेवणाच्या रांगेत मागेपुढे परचेसवालाच उभा असतो.

प्रदर्शनात कार्डं वाटायला जाऊच नका, बघायला जा. मोशीच्या किसान प्रदर्शनात मी स्टॉलच्या पुढे कमी आणि मागे जास्त फिरते. पडद्यामागे त्यांची खोकी रचलेली असतात. कोपरे फुटलेत, पिना निघाल्यात, छपाई पुसलीय, सगळं कळतं. मग पुढे येऊन बोलायला विषय असतो. स्वतःचं कार्ड देण्यापेक्षा त्यांचं घ्या, मागे ‘कोपरे फुटलेले, ५ किलो’ असं लिहा आणि तीन दिवसांच्या आत फोन करा. आणि खालच्या फ्लॅपवर तुमचं नाव नि नंबर बारीक छापता का? नसाल तर गिऱ्हाइकाला विचारून आजपासून छापा. आमच्याकडे चांदवडचा एक माणूस फ्लॅपवरचा नंबर वाचूनच आला.

ऑनलाइनबद्दल माझं मत थोडं कडू आहे. खोक्यात आपण निम्मी हवाच विकतो. टेम्पो भरतो पण वजन होत नाही, म्हणून साठ-सत्तर किलोमीटरपलीकडे भाडं नफा खाऊन टाकतं. तेव्हा ‘भारतभर पोहोचा’ असं कुणी सांगितलं की हात जोडायचे. घाऊक चौकशा विकणाऱ्या एका पोर्टलला मी वर्षभर पैसे भरले. एकच चौकशी चार-पाच जणांकडे जायची आणि पहिला प्रश्न ‘लास्ट रेट?’ त्यातून टिकलेलं गिऱ्हाईक शून्य.

फुकटचं मात्र नीट करा. गूगल बिझनेस प्रोफाइलवर नकाशातली जागा अचूक हवी. फोटो तुमच्या मशीनचे, रचलेल्या मालाचे टाका, इंटरनेटवरून उचललेले चकचकीत नकोत. रिव्ह्यू माल उतरला त्याच दिवशी मागा, आणि ‘किती दिवसांत दिला, कशासाठी वापरला तेवढं लिहा’ म्हणा. नुसत्या ‘गुड सर्व्हिस’ने कुणी फोन करत नाही.

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, सहा महिने मी भिंतीशी बोलत होते. आता समोर बसूनच नंबर सेव्ह करून घेते. पाठवते काय? सुप्रभात नाही, गणपती नाही. क्राफ्ट पेपरचा (खोक्याच्या तपकिरी कागदाचा) भाव हलला की दोन ओळी: आजचा भाव, पुढच्या लॉटला रेट वाढेल की नाही. परचेसवाल्याला हे त्याच्या साहेबाला सांगायला उपयोगी पडतं, म्हणून तो वाचतो. उत्तरं येतात ती याच मेसेजना.

आणि ओळखीतून आलेल्या कामाला उधारी देताना डोळे उघडे ठेवा. ग्रुपमधल्या एकाच्या शब्दावर मी १ लाख ४० हजारांचा माल दिला, पैसे आले सात महिन्यांनी. ज्याने ओळख करून दिली त्याला सांगायचा संकोच, ज्याला माल दिला तो फोन उचलेना. तेव्हापासून उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर छापते (लहान उद्योगांची ही सरकारी नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका). २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात सहसा धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येते. मार्चमध्ये त्यांचा सीएच त्यांच्या मागे लागतो, आपण वाईट व्हायची गरज नाही.

तर आधी वही. तुमचा सत्तर टक्के माल उचलणाऱ्या त्या कंपनीच्या गेटवर उद्या अर्धा तास थांबा आणि कोणाकोणाच्या गाड्या आत जातात ते लिहून इथे टाका. कुणाशी आधी बोलायचं ते मिळून ठरवू.

अजून एक. मुसळगावातलंच एक गिऱ्हाईक माझ्याकडे आहे, महिन्याला दोनशे खोकी. तेवढ्यासाठी अंबडहून टेम्पो परवडत नाही, दोन महिने मी त्यांना टोलवतेय. तुम्हाला जवळ पडेल. साइज १४ बाय १० बाय ८, तीन प्लाय, एका रंगाची छपाई. मला मेसेज करा, नंबर देते. आधी पाच नग सॅम्पल घेऊन जा, आणि फ्लूट उभा आहे ना, एकदा बघा.