ज्योतीवर चालणारा फ्रिज कोणाचा?

प्रश्न : माझे आजोबा कोकणात डॉक्टर होते. गावात वीज येण्यापूर्वी लशी आणि इंजेक्शने ठेवण्यासाठी त्यांच्याकडे रॉकेलवर चालणारा एक फ्रिज होता. त्याच्या तळाशी दिव्यासारखी वात होती आणि पाठीमागे काळ्या नळ्या होत्या, मात्र मोटार कुठेही नव्हती. ज्योत लावून आत बर्फ कसे होत असे, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. शिवाय मोबाइलवर फिरणाऱ्या एका मजकुरात हा फ्रिज आइनस्टाइनचा शोध असून त्याचे पेटंटही त्यांच्याच नावावर असल्याचे वाचले. यात तथ्य किती?
— एक वाचक, दापोली

उत्तर : फिरणाऱ्या मजकुरातील अर्धी गोष्ट खरी आहे. शीतकपाटाची पेटंटे आइनस्टाइन यांच्या नावावर होती, परंतु आपल्या आजोबांकडचा फ्रिज त्या पेटंटांवर बनलेला नव्हता. वात, नळ्या आणि मोटारीचा अभाव या आपण दिलेल्या वर्णनावरून तो बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश तरुणांच्या रचनेचा असावा, असे म्हणायला हरकत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी मात्र थोडे मागे जावे लागेल, कारण त्यांनी सोडवलेली अडचण त्यांच्या साठ वर्षे आधीची होती.

इंजेक्शनपूर्वी दंडाला स्पिरिटचा बोळा लावला की गार वाटते. द्रव उडून जाताना आसपासची उष्णता घेऊन जातो, एवढेच त्यामागचे कारण आहे आणि बहुतेक सर्व फ्रिज याच तत्त्वावर चालतात. अडचण पुढे आहे : उडून गेलेल्या वायूचा पुन्हा द्रव करायचा कसा? घरोघरच्या विजेच्या फ्रिजमध्ये हे काम कॉम्प्रेसर करतो. शोषण पद्धतीच्या फ्रिजमध्ये ते पाण्याकडे सोपवलेले असते. थंड पाणी स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट अमोनिया वायू शोषून घेते आणि तेच पाणी तापवले की तो वायू सोडून देते. म्हणजे वातीची उष्णता थंडी निर्माण करीत नाही. ती पाण्यातून अमोनिया बाहेर काढते, तो वायू वरच्या नळ्यांत बाहेरच्या हवेने निवून द्रव होतो, तो द्रव कपाटात उतरून पुन्हा उडून जातो आणि उडताना आतली उष्णता उचलतो. नंतर पाणी त्याला पुन्हा शोषते आणि चक्र पुरे होते.

शोषणाचा हा गुण मायकेल फॅरडे यांच्या प्रयोगशाळेत १८२३ साली दिसला होता. अमोनिया शोषून घेतलेले सिल्व्हर क्लोराइड त्यांनी वाकवलेल्या बंद काचनळीच्या एका टोकाला ठेवून तापवले आणि दुसरे टोक थंड ठेवले, तेव्हा त्या थंड टोकाला अमोनिया द्रवरूपात जमा झाला. या तत्त्वावर विकण्याजोगे यंत्र उभे केले ते फ्रान्सच्या फेर्दिनां कारे यांनी. अमोनिया आणि पाणी ही जोडी वापरणाऱ्या यंत्राचे पेटंट त्यांनी १८५९ साली फ्रान्समध्ये आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत घेतले. त्यांचे बंधू एदमों कारे यांचे यंत्रही त्याच सुमारास आले, पण त्यात पाणी उडवून त्याची वाफ गंधकाम्लात शोषली जाई. दोघा भावांच्या यंत्रांची पुढे लिहिणाऱ्यांकडून वारंवार गल्लत होते, म्हणून हा उल्लेख. फेर्दिनां यांच्या यंत्राला अमेरिकेच्या यादवी युद्धाने अनपेक्षित गिऱ्हाईक मिळवून दिले. उत्तरेकडच्या तळ्यांतले नैसर्गिक बर्फ दक्षिणेत जहाजाने जात असे. नाकेबंदीमुळे ते बंद झाले, तेव्हा दक्षिणेतल्या लोकांनी कारे यांची यंत्रे नाकेबंदी चुकवून मागवली.

कारखान्याला शोभणारे हे यंत्र घरात आले नाही, याचे कारण दाबात आहे. खोलीच्या उष्णतेत अमोनियाचा द्रव व्हायचा तर साधारण बारा ते पंधरा वातावरणांचा (म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तितक्या पट) दाब लागतो. कपाटात तो शून्याखाली दहा अंशांवर उडायचा तर दाब तीन वातावरणांच्या आसपास असावा लागतो. यंत्राच्या दोन भागांत एवढा फरक राखायचा म्हणजे मध्ये झडप हवी आणि अमोनिया शोषलेले पाणी कमी दाबाकडून जास्त दाबाकडे ढकलणारा पंप हवा. पंप आला की फिरणारा दांडा आला, दांड्याभोवतीचे पॅकिंग आले आणि पॅकिंग झिजले की अमोनियाची गळती आली. घरगुती वापराच्या वाटेतली खरी धोंड हीच होती.

स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकत असताना, १९२२ च्या सुमारास, प्लाटेन आणि मुंटर्स यांनी ही धोंड ज्या रीतीने बाजूला केली ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. त्यांनी यंत्रात हायड्रोजन भरला. डाल्टनच्या नियमानुसार मिश्रणातला प्रत्येक वायू आपापला वेगळा दाब देतो. जिथे अमोनियाचा द्रव करायचा तिथे जवळजवळ निव्वळ अमोनिया असतो. जिथे तो उडायला हवा तिथे बहुतांश दाब हायड्रोजनचा असतो आणि अमोनियाच्या वाट्याचा दाब थोडा राहतो. एकूण दाब मात्र यंत्रात सगळीकडे सारखाच! त्यामुळे पंप गेला आणि झडपही गेली. पाणी वर चढवण्यासाठी ज्योतीजवळ एक बारीक उभी नळी असते. तीत उकळणारे बुडबुडे पाण्याचे लहान लहान थर आपल्याबरोबर वर नेतात. हायड्रोजन फिरवायलाही पंखा लागत नाही, कारण अमोनिया मिसळलेला हायड्रोजन जड होऊन आपोआप खाली उतरतो आणि अमोनिया पाण्याने शोषून घेतला की हलका झालेला हायड्रोजन वर येतो. पोलादी नळ्या एकदा जोडून बंद केल्या की त्यात हलणारा सुटा भाग एकही उरत नाही.

आता पेटंटांविषयी. तटस्थ वायू घालून दाब सारखा करण्याची कल्पना या दोघांची मूळची नव्हती. गेपर्ट नावाच्या जर्मन संशोधकाने १८९९ च्या सुमारासच ती मांडली होती. परंतु गेपर्ट यांनी हवा वापरली होती. हवा अमोनियापेक्षा जड असल्याने असे आपोआप होणारे अभिसरण तीत साधत नाही आणि ती फिरवायला पंखा लागतो, म्हणजे जो दांडा घालवायचा तोच पुन्हा येतो. पेटंट तत्त्वाला मिळत नाही, ते विशिष्ट मांडणीला मिळते. त्यामुळे गेपर्ट यांचे पेटंट असूनही या दोघांच्या मांडणीला स्वतंत्र पेटंट मिळू शकले. त्यासाठी निघालेली एबी आर्क्टिक ही छोटी कंपनी १९२५ साली इलेक्ट्रोलक्स या स्वीडिश कंपनीने विकत घेतली. अमेरिकेतले हक्क इंडियाना राज्यातल्या एव्हान्सव्हिल येथील सर्व्हेल कंपनीकडे गेले आणि तिथले पेटंट १९२८ साली मंजूर झाले. अमेरिकेत त्या काळी मंजुरीपासून १७ वर्षे पेटंट टिकत असे, म्हणजे १९४५ पर्यंत.

आइनस्टाइन यांचा प्रवेश यानंतर होतो. बर्लिनमध्ये फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूने एक कुटुंब दगावल्याची बातमी त्यांनी वाचली आणि आपला तरुण सहकारी लिओ झिलार्ड याच्यासह त्यांनी हलणारे भाग नसलेला फ्रिज शोधायचे ठरवले, असे सांगितले जाते. त्या काळच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड भरलेले असे, तेव्हा अशा बातमीत नवल नव्हते. आइनस्टाइन यांनी १९०२ ते १९०९ या काळात बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी केली होती. दावा कसा लिहावा आणि दुसऱ्याच्या दाव्यापासून किती अंतर राखावे, हे त्यांना पाठ असणार. हे अंतर त्यांच्या रचनेत स्पष्ट दिसते. प्लाटेन-मुंटर्स यंत्रात थंडी आणतो अमोनिया आणि दाब सारखा करतो हायड्रोजन. आइनस्टाइन-झिलार्ड यंत्रात थंडी आणायला ब्यूटेन घेतला आहे आणि दाब सारखा करण्याचे काम अमोनियाकडे दिले आहे. थंड भागात अमोनिया सोडला की ब्यूटेनच्या वाट्याचा दाब उतरतो आणि तो उडू लागतो. पुढे हे मिश्रण पाण्यापाशी आले की पाणी अमोनिया गिळते आणि मोकळा झालेला ब्यूटेन द्रव होऊन पाण्यावर तवंगासारखा तरंगतो. वरचा थर थंड भागाकडे परत जातो, खालचे अमोनियाचे पाणी तापवायला जाते. हे अमेरिकन पेटंट ११ नोव्हेंबर १९३० रोजी १७,८१,५४१ या क्रमांकाने मंजूर झाले.

या रचनेचा एकही फ्रिज बाजारात आला नाही. झिलार्ड यांनी शोषण पद्धतीच्या फ्रिजचा एक पेटंट-अर्ज डिसेंबर १९२७ मध्ये इलेक्ट्रोलक्सच्या शाखेला ३,१५० राइशमार्कांना (राइशमार्क हे तेव्हाचे जर्मन चलन) विकला आणि अमेरिकन पेटंटही इलेक्ट्रोलक्स सर्व्हेल कंपनीच्या नावे झाले. ज्यांच्याकडे चांगले चालणारे यंत्र आधीच आहे ते स्पर्धकाचे पेटंट विकत घेतात ते बहुधा कपाटात ठेवण्यासाठीच, आणि इथेही तसेच झाले असावे, असे माझे मत आहे. या जोडीने एकूण ४५ हून अधिक पेटंटे सहा देशांत मिळवली. त्यांतली सर्वांत चमकदार कल्पना शोषणाची नव्हती. ती होती द्रवरूप धातू विद्युतचुंबकीय बलाने नळीतून ढकलणाऱ्या पंपाची. जर्मनीच्या एईजी कंपनीने त्याचा चालता नमुना केला. तो कोल्ह्यासारखा ओरडे, असे भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर यांनी म्हटले आहे. मंदीमुळे १९३२ साली ते काम थांबले, आणि पुढच्या वर्षी हिटलर सत्तेवर आल्यावर दोघांनाही जर्मनी सोडावी लागली. तो पंप पुढे अणुभट्ट्यांमध्ये वितळलेला सोडियम फिरवायला उपयोगी पडला.

प्रश्न : एवढे साधे आणि बिनआवाजाचे यंत्र असताना घराघरांत कॉम्प्रेसरचाच फ्रिज का? चांगल्या वस्तूला कंपन्यांनी मुद्दाम मागे टाकले, असे तर नाही ना?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कंपन्यांच्या जाहिरातबाजीचा वाटा नव्हता असे कोणी म्हणणार नाही, पण मुख्य कारण आकड्यांत आहे. हायड्रोजनच्या फ्रिजला उष्णतेचे एक एकक दिले तर तो कपाटातून साधारण पाव एकक उष्णता बाहेर काढतो. कॉम्प्रेसरचा फ्रिज विजेच्या एका एककात त्याच्या कित्येक पट काम करतो. जिथे वीज पोहोचली तिथे हिशेब लगेच उलटला. त्यात १९३० साली फ्रेऑन हा फ्रिजमध्ये भरण्याचा बिनविषारी वायू जाहीर झाला आणि विषारी वायूची भीतीही सरली. तो ओझोनला घातक असल्याचे कळायला आणखी चार दशके जायची होती. अमेरिकेत सर्व्हेलने गॅस कंपन्यांच्या आधाराने बराच काळ तग धरला, परंतु १९५० च्या दशकाअखेर तिनेही हे उत्पादन थांबवले. हॉटेलच्या खोलीतला लहान फ्रिज, प्रवासी गाड्या आणि वीज नसलेल्या भागांतली लसींची साठवण, अशा ठिकाणी हा फ्रिज टिकून राहिला. पहिल्या ठिकाणी त्याला शांततेने तारले, उरलेल्या ठिकाणी ज्योतीने.

शोषणाचे तत्त्व मात्र मागे पडलेले नाही. मोठ्या इमारती आणि कारखाने गार करणाऱ्या यंत्रांत अमोनियाऐवजी पाणी उडवतात आणि त्याची वाफ लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात शोषतात. जवळजवळ निर्वात पात्रात पाणी चार-पाच अंशांवरच उकळते. कारखान्यातली वाया जाणारी वाफ किंवा धुराची उष्णता यासाठी पुरते, म्हणून कमी कार्यक्षमतेचे कोणाला दुःख होत नाही. पुण्याची थरमॅक्स कंपनी अशी यंत्रे बनवते.

प्रश्न : दापोलीच्या वाचकांचा पुढचा प्रश्न. तो जुना फ्रिज माळ्यावर अजून आहे. तो पुन्हा पेटवून पाहावा काय?

उत्तर : आधी पाठीमागच्या नळ्या नीट पाहाव्यात. आतून गंज चढू नये म्हणून या द्रावणात सोडियम क्रोमेट मिसळलेले असते, त्यामुळे जोडांपाशी पिवळी पूड किंवा पिवळा ओघळ दिसला तर नळी फुटलेली आहे असे समजावे. तो क्षार विषारी आहे, त्याला हात लावू नये. तसा फ्रिज पेटवूच नये, कारण आतला वायू ज्वालाग्राही असतो, आणि नळी कापून अमोनिया भरून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकलाही लांब ठेवावे. नळ्या स्वच्छ असतील तर फ्रिज पाणसळ लावून अगदी समतल ठेवावा. तो कलता राहिला तर द्रावण वाटेत साचते आणि चक्र थांबते. वर्षानुवर्षे पडून राहिलेला असा फ्रिज काही काळ उलटा करून ठेवण्याची जुनी रीत आहे आणि ती कधी कधी लागूही पडते.

सर्वांत मोठा धोका वातीचा आहे. काजळी धरलेली चिमणी आणि बंद खोली यांमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९३३ ते १९५७ या काळातले सर्व्हेलचे गॅसवरचे जुने फ्रिज वापरू नयेत, असा इशारा याच कारणासाठी दिला होता. तेव्हा चालवून पाहायचाच असेल तर तो अंगणात किंवा मोकळ्या पडवीत, वात कापून, चिमणी साफ करून आणि निळी ज्योत राखून चालवावा. गारवा यायला काही तास लागतात, त्यामुळे पहिल्या तासाभरात निकाल लावू नये. औषधे किंवा लशी त्यात मुळीच ठेवू नयेत.