बेळगावात फ्रीसिया, लॅकेनेलिया या फुलांच्या कंदांसाठी टेरेसवर कूल ग्रीनहाऊस बांधून घ्यावं काय?

नको ओ, कशाला पैसे घालवताय. बागकामाच्या पुस्तकात जे कूल ग्रीनहाऊस म्हटलंय ते इंग्लंडातल्या लोकांसाठी, तिकडं बाहेर सगळं गोठतं म्हणून काचेच्या आत निदान ५ डिग्री तरी राहावी एवढीच त्यांची धडपड. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे आपण स्वेटर घालतो तेवढी थंडी या कंदांना बरोबर मानवते.

आपली अडचण पावसाची. हे कंद केपटाऊनकडचे, तिकडं पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, त्या कोरड्या दिवसांत कंद झोपलेला असतो, आणि इथं नेमकं त्याच्या झोपेतच जून ते सप्टेंबर धो धो ओततं, मग कुजणार नाही तर काय. म्हणजे तुम्हाला पाहिजे ते फक्त डोक्यावर छप्पर, जिन्याखालची जागासुद्धा चालते.

दुसरं म्हणजे फ्रीसियाचे कंद फ्रीजमध्ये ठेवू नका. मी पहिल्या वर्षी ट्यूलिपच्या कंदांना आधी गारवा द्यावा लागतो तसंच हेही समजून दोन महिने भाजीच्या ट्रेमध्ये ठेवले, नोव्हेंबरात लावले, जानेवारी आला तरी कोंब नाही. शेवटी कुंडी उपडी केली तर जुन्या कंदाच्या डोक्यावर एक छोटा नवा कंद बसलेला, ना पान ना काही! गारठ्यात ठेवला की तो असंच करतो, सगळा साठा वरच्या कंदात घालतो आणि परत झोपतो. झोप मोडायला त्याला ऊब लागते, ३० डिग्रीच्या आसपास दहा-बारा आठवडे, आणि ती उन्हाळ्यात आपल्या माळ्यावर फुकट मिळते. थंडी लागते ती लावल्यानंतर, फुलं धरायला.

लावायचं दिवाळी झाल्यावर, परतीचा पाऊस पूर्ण गेला की. तांबडी माती आणि जाड वाळू निम्मी-निम्मी, तळाला फुटक्या खानापुरी कौलांचे तुकडे. आठ इंची कुंडीत सहा-सात कंद, दोन इंच खोल. माझ्याकडं फेब्रुवारीत फुलं येतात. पानं पिवळी पडायला लागली की पाणी बंद.

अ‍ॅगापँथस हेही तिकडचंच फूलझाड, पण त्याचं वेगळं, त्याला आपला पाऊस चालतो, बाहेरच ठेवा.

आणि घरच्यांना सांगून ठेवा. ऑगस्टात कुंडी ठणठणीत कोरडी बघून आमच्या आईला राहवत नाही, गुपचूप तांब्याभर पाणी घालून जाते, दोन कुंड्या तशाच गेल्या माझ्या.