वाचकांचे प्रश्न : पाण्याच्या रेणूंमधील मध्यम बळाचा बंध

पाण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न वेगवेगळे असले, तरी उत्तरे शोधताना पुन्हा पुन्हा हायड्रोजन बंधापाशी यावे लागते, म्हणून पहिले उत्तर थोडे विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : हायड्रोजन स्वतः जळतो आणि ऑक्सिजन जळण्यास मदत करतो, असे आम्ही शाळेत शिकलो. मग या दोघांपासून बनलेल्या पाण्याने आग कशी विझते? आणि दोन वायूंच्या संयोगातून द्रव कसा तयार होतो?

उत्तर : संयुगात घटक मूलद्रव्यांचे गुणधर्म टिकत नाहीत, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे, कारण नेमके काय घडते ते त्यातून कळत नाही. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन होय. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८१ च्या सुमारास हायड्रोजन पेटवून पाणीच हाती लागते हे प्रयोगाने दाखवले, आणि १७८३ मध्ये आंत्वान लाव्हाझिए यांनी पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग असल्याचे मांडले. या ज्वलनात १८ ग्रॅम पाणी तयार होताना सुमारे २८६ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ती एकदा बाहेर पडली, की लाकडाच्या राखेप्रमाणेच पाण्यातही पुन्हा पेटण्याजोगे काही उरत नाही. (जळत्या मॅग्नेशियमवर मात्र पाणी कधीही टाकू नये, हा धातू ऑक्सिजनला इतका हावरा असतो, की तो पाण्यातील ऑक्सिजन हिसकावून घेतो आणि हायड्रोजन मोकळा करून आग वाढवतो.)

पाणी पेटत नाही, एवढ्याने ते आग विझवते असे होत नाही. त्यासाठी त्याने उष्णता शोषून घ्यावी लागते, आणि येथेच तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याला येऊन मिळतो. पाण्याच्या रेणूतील दोन हायड्रोजन अणू ऑक्सिजनला सरळ रेषेत जोडलेले नसून त्यांच्यात सुमारे १०४.५ अंशांचा कोन असतो. ऑक्सिजन सामाईक इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या बाजूला अंशतः ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला अंशतः धन प्रभार येतो. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, त्या आकर्षणास हायड्रोजन बंध म्हणतात. रेणूच्या आतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडण्यास दर मोलला (म्हणजे रेणूंच्या किंवा बंधांच्या एका ठरावीक प्रचंड संख्येला) सुमारे ४६० किलोज्यूल लागतात. हायड्रोजन बंधासाठी मात्र २० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. म्हणजे हा बंध खऱ्या रासायनिक बंधाच्या मानाने फारच दुबळा, पण रेणूरेणूंमधील इतर साध्या आकर्षणांच्या मानाने चांगला बळकट आहे. माझ्या मते पाण्याविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही मधली पायरी होय.

तिचा परिणाम पाहण्यासाठी पाण्याचे भावंड म्हणता येईल असा हायड्रोजन सल्फाइड घ्यावा. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळजवळ दुप्पट जड आहे, तरी तो उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो, कारण गंधकाकडे असे बंध जुळवण्याची ताकद जवळपास नाही. पाणी त्याच्या वाटेने गेले असते, तर पृथ्वीवर ते केवळ वायुरूपातच आढळले असते. प्रत्यक्षात ते उकळवायचे तर असंख्य हायड्रोजन बंध तोडावे लागतात, म्हणून १०० अंशांच्या एक किलोग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता खर्च होते. आगीवर टाकलेले पाणी ही उष्णता जळत्या वस्तूकडून घेते. शिवाय पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,७०० पट वाढते आणि ती वाफ ज्वालेभोवतीची हवा दूर सारते. घामाने शरीर थंड होते तेही याच उष्णतेमुळे, आणि म्हणूनच थोड्याशा घामानेही शरीरातील पुष्कळ उष्णता निघून जाते.

प्रश्न : बर्फ पाण्यावर तरंगतो, याचा जीवसृष्टीशी काय संबंध?

उत्तर : बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी ठरावीक दिशांनी बांधलेला असतो, त्यामुळे रचना पोकळ होते आणि गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. द्रव पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जास्त असते. थंड प्रदेशातील तळ्यात म्हणून ४ अंशांचे पाणी तळाशी राहते, बर्फ वरून धरतो आणि खालच्या पाण्याची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मासे तळाशी हिवाळा काढतात. पेशीच्या आत मात्र हाच बर्फ घातक ठरतो, कारण त्याचे स्फटिक पेशीपटल फाडतात.

प्रश्न : पाण्याला सर्वोत्तम द्रावक म्हणतात, पण तेल तर त्यात विरघळतच नाही. हा त्याचा दोष मानावा का?

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण तो ज्याला दोष म्हणतो त्यावरच पेशी उभी आहे. आधी विरघळण्याविषयी पाहू. मिठाच्या स्फटिकात सोडिअम आणि क्लोराइड आयन (प्रभार असलेले अणू) एकमेकांना घट्ट धरून असतात. पाण्यात दोन विरुद्ध प्रभारांमधील आकर्षण निर्वातातील आकर्षणाच्या सुमारे ८०व्या हिश्श्यावर येते, आणि पाण्याचे रेणू सोडिअमकडे ऑक्सिजनची व क्लोराइडकडे हायड्रोजनची बाजू करून प्रत्येक आयनाभोवती कडे करतात. साखरेत प्रभारित आयन नसतात, तरी तिच्या रेणूवरील ऑक्सिजन-हायड्रोजन गट पाण्याशी हायड्रोजन बंध जुळवू शकतात, म्हणून तीही विरघळते. शरीरातील क्षार, शर्करा, अमिनो आम्ले आणि टाकाऊ युरिया रक्तातून वाहून नेले जातात ते यामुळेच.

तेलाच्या रेणूपाशी पाण्याला धरण्याजोगा प्रभार नसतो. तेल आणि पाणी एकमेकांना दूर लोटतात अशी समजूत आहे, पण प्रत्यक्षात त्यांच्यात थोडे आकर्षणच असते. अडचण पाण्याच्या बाजूने येते : तेलाच्या रेणूभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना आपापसांतले हायड्रोजन बंध टिकवण्यासाठी ठरावीक मांडणीत राहावे लागते आणि त्यांचे इकडेतिकडे वळण्याचे स्वातंत्र्य कमी होते. तेलाचे थेंब एकत्र आले, की पाण्याशी लागणारा त्यांचा एकूण पृष्ठभाग घटतो आणि तेवढे पाणी मोकळे होते, म्हणून तेल वेगळेच राहते.

पेशीपटलाचे मेदरेणू एका टोकाला पाण्याशी जुळणारे, तर दुसऱ्या टोकाला तेलासारखे असतात. त्यांना पाण्यात सोडले, की तेलासारखी टोके आत आणि दुसरी टोके बाहेर अशी दुहेरी थराची रचना आपोआप जमते. कोणी ती विणावी लागत नाही. प्रथिनांची लांब साखळी घडी घालून आपला नेमका आकार घेते, तेव्हाही तिचे पाण्याशी न जमणारे भाग बहुतांशी आत दडतात. पाण्यात सर्व काही विरघळले असते, तर पेशीला आत आणि बाहेर असा भेदच राहिला नसता. पटलातून पाण्याची वेगाने ये-जा होण्यासाठी पेशींनी वेगळे दरवाजे ठेवले आहेत. अ‍ॅक्वापोरिन नावाच्या या प्रथिनांचा शोध पीटर अ‍ॅग्रे यांनी लावला आणि त्यासाठी त्यांना २००३ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. अशा एका वाटेने सेकंदाला सुमारे ३०० कोटी रेणू जाऊ शकतात, तरीही हायड्रोजन आयन त्यातून घुसू शकत नाहीत.

प्रश्न : शुद्ध पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लधर्म-अल्कधर्म दाखवणारा अंक) नेहमी ७ असतो का?

उत्तर : नाही. पाण्याचे मोजके रेणू सतत हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांत विभागले जातात व पुन्हा एकत्र येतात. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ येतो. तापमान वाढले की विभाजन वाढते आणि १०० अंशांना तो ६.१ च्या जवळ उतरतो. तरीही ते पाणी आम्लधर्मी झालेले नसते, कारण दोन्ही आयन समसमानच असतात.

प्रश्न : जड पाणी रासायनिकदृष्ट्या पाणीच असेल, तर ते पिऊन जगता येईल का?

उत्तर : एखादा घोट पोटात गेल्याने काही बिघडत नाही, पण त्याच्यावर जगता येणार नाही. जड पाण्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरिअम हा दुप्पट वस्तुमानाचा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे जड रूप) असतो, ज्याचा शोध हॅरल्ड युरी यांनी १९३१ मध्ये लावला. त्याच्यामुळे रेणूंमधले बंध किंचितच बळकट होतात : जड पाणी ३.८ अंशांना गोठते, १०१.४ अंशांना उकळते आणि साध्या पाण्यापेक्षा थोडे दाट वाहते. आकड्यांत हा फरक किरकोळ वाटतो. पेशीतील असंख्य क्रिया मात्र या बंधांच्या जुळण्या-तुटण्याच्या गतीवर आणि हायड्रोजन एका रेणूवरून दुसऱ्यावर किती लवकर जातो यावर बेतलेल्या असतात. ड्युटेरिअम त्या मंदावतो आणि पेशींचे विभाजन अडखळते. सस्तन प्राण्यांच्या शरीरातील सुमारे निम्मे पाणी जड पाण्याने बदलले गेले, तर ते मरतात. गिल्बर्ट लुईस यांनी १९३३ च्या सुमारास तंबाखूच्या बिया जवळजवळ शुद्ध जड पाण्यात ठेवल्या, तेव्हा त्यांना अंकुरच फुटले नाहीत. काही जिवाणू मात्र सवय लावल्यास जवळजवळ शुद्ध जड पाण्यातही वाढतात, पण साध्या पाण्यातल्यापेक्षा हळू.