मार्शल लॉच्या वेळी रांगत होता

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वंशावळ काढायची म्हणून थेट तहसील कचेरीत निघालास, असं कळलं. आधी आत्याआजीकडे जा. दप्तर कुठे पळून जात नाही. ती ऐंशीच्या पुढे गेलीय.

तिला ‘जन्म कुठल्या सालचा’ असं विचारू नकोस. मी आमच्या आजीला तसंच विचारलं, तर “मला काय ठाऊक” म्हणून ती भाकरी थापायला बसली. विषय संपला. पुढच्या खेपेला विचारलं, मार्शल लॉ लागला तेव्हा थोरले मामा केवढे होते? “रांगत होता की!” सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला मे 1930 मध्ये, म्हणजे मामा 1929 चे. शाळेच्या दाखल्यावर मात्र 1 जून 1932. मास्तरांनी अर्धा जिल्हा 1 जूनलाच जन्माला घातलाय, तेव्हा त्या तारखेवर विसंबू नकोस. रझाकारांची धामधूम, बहात्तरचा दुष्काळ, जुनी गिरणी बंद पडली तो काळ, या खुणा धरून विचार.

मग कागद. जमीन असेल तर सातबारावरून मागे फेरफारात जा. कोण वारलं, मागे कोण राहिलं, हे वारसाच्या नोंदीत सापडतं. सासरी गेलेल्या लेकींची नावंही कधी तिथेच भेटतात. गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंद कोतवाल बुकात, म्हणजे नमुना 14 मध्ये. तिथे बाळाचं नाव बहुधा नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, म्हणून बापाच्या नावाने शोध. पान मोडीत असेल तर जाणकाराला दाखव, अंदाजाने वाचू नकोस.

तुझं आजोळ पद्मशाली विणकरांचं, मागावरच्या कामासाठी तेलंगणातून आलेलं. निजामाकडच्या कागदावर फसली म्हणजे महसुली साल दिसलं तर इसवी सनासाठी त्यात 590 मिळव, एखाद्या वर्षाचा फरक धर. आडनावंही दोन-तीन तऱ्हांनी शोध. तेलुगू नाव कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय.

गावाकडे हेळवी, म्हणजे घराण्यांची वंशावळ सांगत फिरणारा, येत असेल तर त्यालाही गाठ. नावं घे, पराक्रम सोड.

आत्याआजीपुढे गेल्या गेल्या रेकॉर्डिंगला मोबाईल लावू नकोस. एखादा जुना फोटो ने, त्यात कोण कोण आहे ते मागे पेन्सिलीने लिहून घे. एखाद्या नावाशी ती गप्प झाली, तर त्या दिवशी पुढचं विचारू नकोस. चहा पी, आणि पुढच्या रविवारी परत जा.