साठ दिवस म्हणजे दोन महिने नव्हेत

या खेपेला पत्रं भरपूर आलीत आणि निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर, थायलंडमध्ये बिनव्हिशाचं नक्की किती दिवस राहता येतं. आपल्याकडे गोव्यात सीझनला परदेशी पाहुणे सहा-सहा महिने मुक्काम ठोकतात आणि आता आपलीच माणसं दुसऱ्याच्या देशात तसंच लांबलचक राहायला निघालीत, त्यामुळे दोन्ही बाजूंचे प्रश्न एकदमच घेतले.

प्रश्न: ताई, मी फोंड्याचा, वय ६४, बँकेतून रिटायर. मुलगा बँकॉकला नोकरीला आहे, सून बाळंत होणार म्हणून मी आणि मिसेस १२ नोव्हेंबरला जातोय, मार्चअखेर परत. मुलगा म्हणतो ६० दिवस व्हिसा नको, मग मलेशियात दोन दिवस जाऊन यायचं की परत ६०. म्हापशाचा एजंट म्हणतो ९० मिळतात. शेजारी व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवतो ३०च. आणि माझा भाऊ पूर्वी गेला तेव्हा त्याला १५ दिवस मिळालेले, वर पैसे भरून. कोणाचं खरं?

उत्तर: काका, चौघांपैकी कोणीही थाप मारत नाहीये, प्रत्येकाच्या डोक्यात वेगळ्या सालातला नियम बसलाय एवढंच. तुमचे भाऊ गेले तेव्हा आपल्या लोकांना विमानतळावर लाईन लावून व्हिसा ऑन अरायव्हल घ्यावा लागायचा, २,००० बाथ भरायचे आणि मिळायचे १५ दिवस. मग १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस बिनव्हिसा केलं, तेही सहा महिन्यांपुरतं, ते संपत आलं की मुदत वाढवली. आणि १५ जुलै २०२४ पासून ९३ देशांच्या लोकांना ६० दिवस, त्यात आपण आलो. एजंटचे ९० म्हणजे हे ६० अधिक तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात १,९०० बाथ भरून मागायची ३० दिवसांची वाढ, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही, आणि द्यायची की नाही हे ऑफिसर ठरवतो. शेजाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपलाही हसू नका, ६० चे परत ३० करायचं तिथलं सरकार २०२५ पासून बोलत होतंच. म्हणून तिकीट काढताना कुठला नियम होता ते धरून बसू नका, तुम्ही उतरता त्या दिवशीचा नियम लागतो. निघायच्या आठवड्यात थाय दूतावासाच्या पानावर एकदा बघा, युट्यूबवरच्या दोन वर्षं जुन्या व्हिडिओवर नको.

आता तुमच्याच तारखा घेऊ. समजा ६० दिवसांचा शिक्का मिळाला. तिथे पोचलात तो दिवस पहिला धरतात, म्हणजे १२ नोव्हेंबर हा एक, नोव्हेंबरचे झाले १९, डिसेंबरचे ३१ मिळून ५०, आणि १० जानेवारीला ६० संपले. तुम्ही मनात दोन महिने धरून १२ जानेवारीचं तिकीट काढाल आणि तिथेच फसाल. मी स्वतः फसलेय, ३० दिवसांच्या काळात, महिना म्हणजे महिना असं धरून परत यायचं तिकीट काढलं होतं, काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट हातात फिरवून फिरवून बघितला आणि शांतपणे शिक्क्यावर बोट ठेवलं, नवरा मागे लाईनमध्ये हसत होता तो वेगळा. जास्त राहिलं तर दिवसाला ५०० बाथ दंड, वाढत जाऊन २०,००० पर्यंत, आणि ९० दिवसांच्या वर गेलं तर दंडाबरोबर पुढची काही वर्षं प्रवेशबंदीसुद्धा. आणखी एक, रात्रीच्या विमानांचा घोळ. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास, इथून ११ च्या रात्री उडालात की तिथे उजाडलेली तारीख दुसरी. त्यामुळे बोटांवर मोजू नका. शिक्क्यावर 'इथपर्यंत' म्हणून तारीख लिहिलेली असते, तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि तीच खरी.

वाढ धरली तरी तुम्ही पोचता ९ फेब्रुवारीला. मार्च लांबच. राहिला मलेशियाचा उपाय. मलेशियात भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस बिनव्हिसा जाता येतंय, तिकडची अडचण नाही, अडचण आहे परत येताना. जमिनीवरच्या नाक्यावरून बिनव्हिशाचं आत येणं वर्षाला दोनदाच, हे जुनंच आहे. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये थाय इमिग्रेशनने जाहीर केलं की सबळ कारणाशिवाय दोनपेक्षा जास्त वेळा असं बाहेर जाऊन-आत येऊन करणाऱ्याला नाकारणार. तुमचा एकच फेरा आहे, कदाचित काही होणार नाही. पण नातवंड आठवड्याचं आणि तुम्ही दोघं मलेशियाच्या हद्दीवरच्या नाक्यावर बॅगा घेऊन बसलेले, हे मला तरी बघवणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर व्हिसाच काढला असता. मुलगा वर्क परमिटवर असेल तर आईवडिलांसाठी नॉन-ओ वर्गाचा, म्हणजे घरच्या माणसांसाठीचा व्हिसा बसतो का ते त्याच्या कंपनीच्या एचआरला विचारायला सांगा. वय ५० च्या वर असल्यामुळे रिटायरमेंटचाही मार्ग आहे, पण त्याला बँकेत ८ लाख बाथ नाहीतर महिना ६५,००० बाथ उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणजे आपले वीस लाख आणि वर, एका बाळंतपणासाठी कशाला. अर्ज जानेवारी २०२५ पासून ऑनलाईन झालेत, मुंबईला पासपोर्ट घेऊन धावायला नको. आणि वाढ घ्यायचीच ठरली तर घरमालकाने तुमची राहण्याची नोंद, तिथे टीएम-३० म्हणतात, केलीय ना हे मुलाला आजच विचारा. ती नसली की इमिग्रेशनवाले हात हलवत परत पाठवतात.

प्रश्न: हाय ताई, मी पेडण्याचा, २५ वर्षांचा, हरमलला शॅकवर बार सांभाळतो. मे संपला की शॅक मोडतात आणि आम्ही चार महिने घरी माश्या मारत. फुकेतला एका दोस्ताचं रेस्टॉरंट आहे, तो बोलला ६० दिवस फ्री आहे, ये, हात लाव, राहणं-खाणं माझं. पगार नाही तर चालतंय ना?

उत्तर: नाही चालत रे. फिरायला आलेल्या माणसाने काउंटरमागे उभं राहायचं नाही, पगार मिळो न मिळो. राहणं-खाणं हाच तुझा पगार असं ते धरतील, आणि बरोबरच आहे. वर्क परमिटशिवाय काम करताना सापडलास तर ५,००० ते ५०,००० बाथ दंड आणि घरी रवानगी, दोस्ताला मालक म्हणून १०,००० ते १ लाखापर्यंत दंड वेगळा. तुला कोणी डीटीव्ही नावाच्या व्हिशाचं सांगेल, पाच वर्षांचा, एका खेपेला १८० दिवस. तो लॅपटॉपवर बाहेरच्या देशातल्या कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी, किंवा मुय थाय म्हणजे तिथलं बॉक्सिंग, थाय स्वयंपाक शिकायला जाणाऱ्यांसाठी आहे, आणि ५ लाख बाथ शिल्लक दाखवावी लागते. बार सांभाळायला नाही.

मोरजीला परदेशी माणूस टॅक्सी मारतो, स्कूटर भाड्याने देतो म्हणून आपण किती बोंब मारतो आठव. फुकेतच्या पोरांनापण तसंच वाटत असणार. जायचंय तर पंधरा दिवस फिरून ये, दोस्ताकडे जेव, गिऱ्हाईकाच्या खुर्चीवर बसून.

प्रश्न: मांद्रेहून लिहितेय. वरच्या मजल्यावर रशियन जोडपं ठेवलंय. त्यांच्याकडे पाच वर्षांचा व्हिसा आहे, मग मला दर वेळी पोलिसांचं काय करायची गरज आहे का? पूर्वीच्या भाडेकरूंनी सांगितलं होतं की आता व्हिसा-बिसा फ्री झालाय.

उत्तर: बाय, ते फ्री आपल्या बाजूने नाही. व्हिशाशिवाय इथे येऊन राहणारे मुख्यतः नेपाळ-भूतानचे. रशियनांना व्हिसा लागतोच. पाच वर्षं म्हणजे त्या मुदतीत ये-जा करता येते, पाच वर्षं तुमच्या माडीवर राहता येतं असं नव्हे. ऑनलाईन मिळणाऱ्या ई-टुरिस्ट व्हिशावर एका कॅलेंडर वर्षात १८० दिवसांच्या वर राहता येत नाही. आणि तुमचं काम वेगळंच आहे, पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याची ऑनलाईन नोंद करायची, जिला आपण सी-फॉर्म म्हणत आलोय, मग तो दोन दिवसांचा असो नाहीतर पाच महिन्यांचा. दर खेपेला, म्हणजे मधे मायदेशी जाऊन आले तर पुन्हा. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांचा नवीन कायदा लागू झालाय, त्यात मुदत संपून राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्यांच्या पासपोर्टची, व्हिशाची आणि प्रवेशाच्या शिक्क्याची झेरॉक्स घ्या. संकोच करू नका, त्यांना सवय आहे. तिकडे बँकॉकला आपल्या फोंड्याच्या काकांच्या घरमालकालाही तेच टीएम-३० भरावं लागतं की.

प्रश्न: थोरला भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला. वर्षभर गावी राहायचंय म्हणतो. मडगावचाच ना तो, त्याला व्हिसा कशाला?

उत्तर: मडगावचा आहेच, पण पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं त्या दिवशी भारतीय सुटलं. त्याला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते, काढू दे, मग कितीही राहा, दिवस मोजायला नकोत. त्यासाठी जुना भारतीय पासपोर्ट सरेंडर केल्याचा कागद लागतो. ज्यांचा पासपोर्ट रद्द झाला होता त्यांची तिथेच गाडी अडायची. कार्ड हातात येईपर्यंत मात्र त्याचा हिशोब वरच्या रशियन जोडप्यासारखाच.

प्रश्न: थायलंडच्या डिजिटल अरायव्हल कार्डसाठी एका साईटने माझ्याकडून माणशी अडीच हजार घेतले. बरोबर आहे का?

उत्तर: ते कार्ड फुकट आहे हो. १ मे २०२५ पासून सुरू झालंय, उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत थाय इमिग्रेशनच्या सरकारी साईटवर स्वतः भरायचं, दहा मिनिटं लागतात. सरकारी साईटचा पत्ता डॉट जीओ डॉट टीएचने संपतो, तो बघायचा आणि मगच पासपोर्ट नंबर टाकायचा. आणि ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, त्यावर दिवस लिहिलेले नसतात. कार्डवाल्याला परत फोन करून पैसे मागा, निदान एकदा तरी.